म्हशींच्या वेबसाइटवर त्रिशलाचा नंबर

पुण्यातली नोकरी सोडून त्रिशला चौगुले कोल्हापूरला परत आली, तेव्हा तिच्या आईनं, राजमतींनी, सगळ्या नातेवाइकांना फोन करून एकच सांगितलं, "पोरगी आता घरीच असती."

"आई, घरी असती म्हणू नको. घरून काम करतो म्हण," त्रिशला म्हणायची.

कोल्हापूरच्या बऱ्याच मुलींसारखी तीही 'करतो, जातो, येतो' असंच बोलायची. पुण्यात मोठ्या कष्टानं 'करते, जाते, येते' शिकली होती. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ते सगळं गळून पडलं.

कंपनीनं तिच्या विभागाचं काम हैदराबादला हलवलं होतं. तिकडं जायचं नव्हतं, म्हणून तिनं ठरवलं, आपणच गिऱ्हाईक शोधायचं आणि वेबसाइट करून द्यायच्या. ठरवणं सोपं होतं. बसायचं कुठं, हा प्रश्न होता. घरात पाहुण्यांची वर्दळ, म्हणून तिच्या वडिलांनी, तात्यासोंनी, आपल्या भांड्यांच्या दुकानाचा माळा तिला रिकामा करून दिला. रिकामा म्हणजे पातेल्यांच्या उतरंडी भिंतीकडं सरकवल्या आणि मध्ये टेबल टाकलं.

माळ्यावर वारा चांगला यायचा, इंटरनेटही चांगलं होतं. फक्त खाली कुणी परात घ्यायला आलं की ती वाजवून बघायचं. टण्ण! एकदा बेंगळुरूच्या एका बाईंशी व्हिडिओवर बोलणं चालू असताना असा आवाज झाला. बाईंनी विचारलं, जवळ देऊळ आहे का? त्रिशला घाईत हो म्हणाली. बाईंनी तिकडून हात जोडले. मग हिलाही जोडावे लागले.

पहिले काही महिने कामं आली, पण सगळी नात्यातली. मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका. काकांच्या गाडीवर लावायचा स्टिकर. 'कॉम्प्युटरचं करती' एवढंच लोकांना कळलं होतं, त्यामुळं शेजारचे प्रिंटर घेऊन यायचे. एक काकू तर मिक्सर घेऊन आल्या. त्रिशलानं तो उघडूनही बघितला, कारण त्या दिवशी दुसरं काही काम नव्हतं.

अशात एक दिवस दुधाच्या किटल्या घ्यायला पिराजी खोत दुकानात आले. वडणग्याचे म्हशींचे व्यापारी. हरयाणातनं मुऱ्हा म्हशी आणायच्या आणि जिल्हाभर विकायच्या, हा त्यांचा धंदा. माळ्यावरून खटखट ऐकू आली, तसं त्यांनी मान वर केली.

"वर कोण हाय?"

"पोरगी. वेबसाइट बनवती," तात्यासो म्हणाले.

"म्हंजे काय करती?"

तात्यासोंनी थोडा विचार केला. "दुकान असतंय. पण दुकान नसतंय."

पिराजींना ते कसं कोण जाणे, बरोबर कळलं. "मग म्हशींचं बी हुतंय का तसलं?"

झालं. नात्याबाहेरचं पहिलं काम मिळालं.

रविवारी त्रिशला कॅमेरा घेऊन वडणग्याला गेली. पिराजींनी म्हशी धुऊन, शिंगांना तेल लावून, कपाळाला कुंकू लावून रांगेनं उभ्या केल्या होत्या. कोवळं ऊन पडलं होतं. एका म्हशीच्या डोळ्यांच्या लांब पापण्यांवर ते असं काही आलं होतं, की त्रिशलानं जवळ जाऊन नुसता डोळाच टिपला. वेबसाइटच्या पहिल्या पानावर तिनं तोच फोटो लावला. भोवती पांढरी जागा सोडली, खाली बारीक अक्षरांत नाव. पुण्यात असल्या कामाला लोक वाहवा म्हणायचे.

पिराजींनी फोन हातभर लांब धरून बघितलं. "हे काय?"

"म्हशीचा डोळा, मामा."

"त्ये दिसतंय की. बाकीची म्हस कुठं हाय?"

"खाली सरकवलं की दिसती."

"डोळा बघून कोण म्हस घेतंय, पोरी? कास दाव. आन् ही पांढरी जागा रिकामी का सोडलीस? रंग संपला व्हय?"

"ती मोकळीच ठेवतात. नजर ठरती."

"माझी न्हाय ठरत."

त्यांना वर फेटा आणि गॉगलातला स्वतःचा फोटो हवा होता. बाजूला मेहुणा, साडू, तालमीतली सगळी मित्रमंडळी, आणि नाव सोनेरी अक्षरांत.

"मामा, ही वेबसाइट हाय. चौकातलं वाढदिवसाचं पोस्टर न्हवं," त्रिशला म्हणाली.

शेवटी तडजोड झाली. कास पहिली, डोळा त्याखाली. साडू-मेहुणे रद्द. पिराजींचा फेटा राहिला, पण सगळ्यात खाली. पांढरी जागाही राहिली. कुणी विचारलं की पिराजी सांगायचे, "तिथं पुढच्या खेपंच्या म्हशी बांधायच्या हायत."

वेबसाइट सुरू करायच्या दिवशी घोटाळा झाला. फोन लावायचं बटण नीट चालतं का, हे तपासायला त्रिशलानं तिथं आपलाच नंबर टाकला होता. तो बदलायचा होता. पण घर जैनांचं, सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे. दुकानाच्या मागंच घर. खालून राजमतींची तिसरी हाक आली, "दिवस बुडाला की गं! आता उपाशी झोपणार हाईस का?" त्रिशलानं घाईघाईत वेबसाइट चालू केली आणि जेवायला पळाली.

पिराजींनी तेवढ्यात पहिल्या पानाचा फोटो काढून दूध संस्थेच्या, तालमीच्या आणि भावकीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवून दिला. नंबरासकट.

सकाळी उजाडायच्या आत फोन वाजला.

"ती काळी हाय का गेली?" एक दणदणीत आवाज.

"कोण काळी?" त्रिशला अंथरुणातच.

"दुसऱ्या वेताची. शिंगं वळल्याली."

"राँग नंबर."

"राँग कसा? खाली म्हशीचा फोटो हाय, वर तुमचा नंबर हाय. तुमीच न्हवं म्हशीवालं?"

तिची झोप खाडकन उडाली. तिनं वेबसाइटवरचा नंबर लगेच बदलला, पण फिरायला लागलेला फोटो कुठून परत आणणार? ती तशीच स्कूटरवरून वडणग्याला गेली आणि पिराजींना खरं ते सांगितलं. शिव्या बसतील म्हणून तयारीतच होती.

पिराजी खदाखदा हसले. "आगं मग ब्येसच झालं की! धारा काढताना मला फोन घ्याय येत न्हाय. तूच घे आन् सांग."

"मामा, मी वेबसाइट करतो. म्हशी विकत न्हाय."

"थोडे दिस घे. लोक हळूहळू इसरत्यात."

लोक विसरले नाहीत. फोन येतच राहिले. दूध किती देती, गाभण हाय का, लाथ मारती का. त्रिशला सगळ्यांना पिराजींचा नंबर देऊन देऊन थकली. एका दुपारी तिची व्हिडिओवर मीटिंग होती, म्हणून तिनं फोन खाली आईकडं ठेवला. "वाजला तर फक्त पिराजीमामांचा नंबर सांग," एवढंच बजावलं.

राजमतींनी आयुष्यात कधी म्हैस पाळली नव्हती. पण मुलीसाठी स्थळं बघून बघून चौकशी करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फोन वाजला. माळ्यावर कानाला हेडफोन लावून बसलेल्या त्रिशलाला खालचा आवाज तरीही स्पष्ट ऐकू येत होता.

"गोठा बांधलाय का? पत्र्याचा? मग उन्हाळ्यात काय, भाजून काढणार तिला? घरात कोण कोण असतंय? पाण्याचं काय? बरं, म्हातारी झाल्यावर काय करणार?"

पलीकडचा माणूस गोंधळला असावा.

"तुमची आई न्हवं हो!" राजमतींचा आवाज चढला. "म्हस, म्हस म्हणतोय मी!"

त्या दिवसापासून दुपारचे फोन राजमतींकडं गेले. त्रिशलानंही ते चालू दिलं, कारण तिला कामाला वेळ मिळायला लागला होता. पसंत पडलेल्या माणसाला आई पिराजींचा नंबर द्यायची. नापसंताला सांगायची, "म्हशी संपल्या."

एकदा कबनूरचे एक यंत्रमागवाले फोनवर होते. घरच्यासाठी दोन म्हशी घ्यायच्या होत्या त्यांना.

"आत्ता कुणावर ओरडलासा हो?" राजमतींनी मध्येच विचारलं. "बायकोवर? मग न्हाय मिळायची म्हस." आणि फोन ठेवून दिला.

ते कबनूरकर पिराजींच्या ओळखीचे निघाले. पिराजी तडक दुकानात हजर.

"वैनी, माझं दोन म्हशींचं गिऱ्हाईक घालवलंसा! म्हस इकायची हाय का सोयरीक जमवायची हाय?"

"जो बायकोवर असा ओरडतोय, तो मुक्या जनावराचं काय करील?" राजमतीही मागं हटेनात. "तिला कोण इचारतंय, जाणार का म्हणून?"

तात्यासो चमचे रचत बसले. रचलेले चमचे पुन्हा रचले. त्रिशला जिना उतरून मध्ये येऊन उभी राहिली. एकीकडं तिचं पहिलं गिऱ्हाईक, दुसरीकडं आई.

"मामा, नंबर माझ्या चुकीनं पडला, ते मी निस्तरतो," ती म्हणाली. "हे सिम तुमी घ्या, मी दुसरं घेतो. आन् आई, धंदा त्यांचा हाय. कुणाला न्हाय म्हणायचं ते त्यांनी ठरवायचं."

राजमती आत गेल्या. पिराजी जायला वळले आणि उंबऱ्यातच थांबले.

"एक मातुर हाय," ते आतल्या दारासमोर येऊन मोठ्यानं म्हणाले. "वैनींनी पसंत केल्याल्या एका बी माणसाची अजून तक्रार न्हाय. जोतिबाच्या पायथ्याचा बाळासो तर रोज म्हशीचा फोटो पाठवतोय मला. सिम मी घेतो. पण एकाद्याचा आवाज पटला न्हाय, तर वैनीस्नी फोन लावणार."

आतून आवाज आला, "दुपारी झोपायच्या वेळेला नको."

नवा नंबर घेतल्यावर त्रिशलाचा फोन गप्प झाला. इतका, की चालू आहे का बघायला तिनं एकदा दुकानातल्या फोनवरून स्वतःलाच फोन लावला. ज्या आवाजाचा वैताग यायचा, तो नसल्याची आता धाकधूक वाटायला लागली. पुण्याला परत अर्ज करावा का, असंही मनात आलं. मग रिकाम्या वेळात तिनं एक गोष्ट केली, जी आधीच करायला पाहिजे होती. स्वतःची वेबसाइट केली. इतके दिवस वेबसाइटवालीलाच वेबसाइट नव्हती.

काही दिवसांनी पिराजींकडून तिचा नवा नंबर घेऊन वारणानगरहून संयोगिता नावाच्या बाईंनी फोन केला. त्यांची उसाच्या रोपांची रोपवाटिका होती. सासऱ्यांनी पिराजींकडून म्हैस घेतली होती, त्यामुळं राजमतींच्या चौकशीतून ते पार पडले होते. "ज्या घरात म्हशीची एवढी काळजी, तिथं काम कच्चं होणार न्हाय, असं सासरे म्हणत होते," बाई म्हणाल्या. त्रिशलानं काम घेतलं, आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, सकाळी नऊच्या आधी फोन करायचा नाही.

त्या आठवड्यात पिराजींनी नवी खेप आणली आणि राजमतींना गोठा बघायला बोलावलं. त्या ठेवणीतली साडी नेसून, वाटेत गुळाचा खडा घेऊन, त्रिशलाच्या स्कूटरवर मागं बसून गेल्या. गोठ्याच्या दारात उभं राहून त्यांनी पहिल्यांदा म्हैस जवळून बघितली. म्हशीनं मान वळवली, गूळ हुंगला आणि फुर्रकन शिंकली. राजमती गुळासकट मागं सरकल्या त्या थेट त्रिशलाच्या पाठीमागं.

"वैनी, काय करत न्हाय ती," पिराजी म्हणाले. "तुमीच तर तिची येवढी काळजी करता!"

गूळ शेवटी त्रिशलानं दिला. परत येताना राजमती पुन्हा स्कूटरवर मागं बसल्या. रस्त्याला लागल्यावर पदर सावरत म्हणाल्या, "फोनवर एवढ्या मोठ्या वाटत नव्हत्या गं."