टेम्पो निघालाय

गेल्या मंगळवारी सकाळी उलव्याला आमच्या हॉलमध्ये सायली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि रडायच्या बेतात होती. सायली म्हणजे माझी नात. तळोज्याला स्टीलची ताटं-वाट्या बनवणाऱ्या कंपनीत आहे, त्यांचा माल परदेशी जातो. त्या दिवशी तिचं घरून काम होतं.

मी चौथी शिकलेली. हेसुद्धा मोबाईलच्या माईकवर बोलून लिहितेय, काना-मात्रा सांभाळून घ्या. पण माझी नात परदेशी लोकांना इंग्रजीत पत्रं लिहिते, हे मी सोसायटीत इतक्यांदा सांगितलंय की बायका आता मला बघून घाईघाईनं लिफ्टचं बटण दाबतात...

ती मराठी शाळेतली, म्हणून धंद्याच्या इंग्रजीचा ऑनलाईन क्लास लावलाय. माल उशिरा जाणार असेल तर काय लिहायचं, गिऱ्हाईक तक्रार करतंय तर काय लिहायचं, सगळी वाक्यं वहीत. रोज मोठ्यानं म्हणते, मी भाजी निवडता निवडता ऐकते. 'सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स' मलापण पाठ झालंय. परवा दूधवाल्याला म्हटलं, तर तो बिचारा घाबरला.

तर मंगळवारचं सांगत होते. जर्मनीतल्या एका बाईंनी नव्या हॉटेलसाठी ताटं मागवलेली. कंटेनर बंदरावर पोचला, पण जहाजात जागा मिळाली नाही आणि जहाज गेलं निघून. पुढचं दहा दिवसांनी... आणि इकडे बाईंचा मेल, माझा माल कुठे आहे?

"मग काय लिवशील?" मी विचारलं.

"ऑफिसचे सर म्हणतात, माल निघालाय असं लिही. फॅक्टरीतून निघालाच आहे ना आजी. खोटं थोडीच आहे!"

महिनाअखेरीला तिची नोकरी पक्की होणार की नाही, ते ह्याच सरांच्या हातात. म्हणून तोंड एवढंसं झालेलं. वहीत तसं छान वाक्यही तयार होतं, नुसतं उतरवायचं.

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. कारण हे वाक्य मी स्वतः बोललेय... तेही मराठीत.

तुम्हाला माहीत नसेल, इथं बिल्डिंगी नव्हत्या तेव्हा मी भाकऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायचे. तांदळाच्या भाकऱ्या, पापुद्रा सुटलेल्या. अंगणात चार चुली आणि आम्ही सहा बायका, भाकरी थापताना गप्पा अशा की विचारू नका. शेजारच्या गावातल्या वेणूबायच्या मुलीचा साखरपुडा होता, दुपारचं जेवण. त्या दिवशी पीठच चिकट निघालं, भाकरी थापली की हाताला चिकटून फाटत होती.

वेणूबायच्या नवऱ्याचा फोन आला, भाकऱ्या कुठं हायेत? मी म्हटलं, टेम्पो निघालाय. आमच्या धंद्यात सगळेच असं म्हणतात. टेम्पो दारात उभा होता आणि भाकऱ्या तव्यावर होत्या.

त्यांनी माझ्या शब्दावर पंगत बसवली. मुलाकडची माणसं, पानात मटणाचा रस्सा वाढलेला, आणि भाकरी नाही. पाऊण तास माणसं पानाकडे बघत बसली... खरं सांगितलं असतं तर त्यांनी आधी साखरपुडा उरकला असता, काहीच बिघडलं नसतं.

हे मी सायलीला सांगितलं. म्हटलं, "उशीर झाला म्हणून कोन मरत नाय गो. पन तुज्या शब्दावर ती बाई पंगत बसवील, त्याचा काय?"

मग तिनं सरांना फोन लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण पोरीचे कान लाल झाले. फोन ठेवून म्हणाली, "बोलले, तुझ्या जबाबदारीवर पाठव." आणि वही पुन्हा उघडली. बिचारीनं अकरा वेळा खोडून लिहिलं. माल जहाजात चढलेला नाही, चूक आमची, आधी कळवायला हवं होतं, पुढचं जहाज अमुक दिवशी, आणि तुमचं हॉटेल कधी उघडतंय?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाई चिडल्या होत्या, चांगल्याच. पण खाली लिहिलं होतं, आज सांगितलंत ते बरं झालं, निमंत्रणं उद्या छापायला जाणार होती, आता तारीख पुढे घेते. सायलीनं मला मराठीत वाचून दाखवलं. मी तीनदा वाचायला लावलं.

सर म्हणे एवढंच बोलले, ह्या बाईंना यापुढे तूच लिहीत जा. पक्कं झाल्याचं पत्र अजून हातात नाही... पण पोरगी आता रात्री नीट झोपते.

आणि मला मात्र राहवेना. एवढ्या वर्षांनी वेणूबायला फोन लावला. म्हटलं, "वेणूबाय, त्या दिवशी टेम्पो निघाला नव्हता गो."

ती हसतच सुटली. "मना ठाव हाय! पंगत बसल्यावर गच्चीवर गेल्ते तुजा टेम्पो बघाला... तुज्या चुलीचा धूर दिसला."

"मग बोललीस का नाय?"

"सहा बाया धुरात बसल्या व्हत्या, काय बोलनार?"

तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आणि दुसऱ्या मुलीच्या साखरपुड्याला भाकऱ्या माझ्याकडूनच नेल्या. मला वाटायचं, माझ्या भाकरीची चव लागली तिला... खरंतर तिनं मला सांभाळून घेतलं होतं. वेणूबाय, तुझे उपकार आहेत गो. रविवारी येते तुझ्याकडे भाकऱ्या घेऊन, आणि घरातून पाय बाहेर पडल्यावरच फोन करीन.