शेजारची बासरी

माझ्या शेजारी बसणारी मुलगी बासरी वाजवतच नाही, असा संशय मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आला. आमच्या वाद्यवृंदात दोन बासऱ्या होत्या. एक तिची, एक माझी.

ती चौलची. घरची सुपारीची वाडी, वडील शाळेत मास्तर, आणि बासरी रीतसर क्लास लावून शिकलेली. मी पेणकडचा. आजोबांची मिठागरं होती, आता बाबांचे ट्रक आहेत. मी बासरी शिकलो भजनात वाजवणाऱ्या मामाकडून, बघून बघून. सरांनी आम्हाला शेजारी बसवलं आणि दोघांना एकच धून दिली.

तालीम लेक्चरं संपल्यावर वरच्या हॉलमध्ये व्हायची. हार्मोनियमनं सूर धरला, तबला सुरू झाला की दिवसभराचा कंटाळा कुठल्या कुठे जायचा. घरी एकटा वाजवताना असं कधी झालं नव्हतं. आपल्या फुंकरीला एवढी माणसं सांभाळून घेतायत, या कल्पनेनंच अंगावर काटा यायचा.

मग एक दिवस लक्षात आलं, मला बासरी एकच ऐकू येतेय. शेजारी बोटं बरोबर हलतायत, ओठ बासरीला टेकलेत, पण फुंकर जातेय का? कान देऊन ऐकलं, तरी तिचा असा वेगळा आवाज सापडेचना.

घरी सांगितलं. बाबा जेवता जेवता म्हणाले, "तुला ऐकू येत न्हाय म्हंजे ती वाजवत न्हाय." ड्रायव्हरनं डिझेल भरलंय म्हणून सांगितलं, तरी बाबा टाकीत काठी बुडवून बघणारे. संशय आमच्या घरात मुरलेलाच.

मी पाळत ठेवली. मोबाइलवर तालीम रेकॉर्ड करून एसटीत परत परत ऐकली. एकच बासरी. तालमीत तिच्या गालांकडे बघायला लागलो, तर तीही नेमकी माझ्याकडेच बघत असायची. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं. मेहनत माझी आणि टाळ्या दोघांना, हे काही मला पटेना.

कॉलेजांमधली वाद्यवृंद स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा मी ठरवलं, मधल्या संथ भागात फुंकर थांबवायची, बोटं मात्र हलवत राहायची. बासरी बंद पडली की सरांना आपोआप कळेल.

मी थांबलो. बासरी खरंच बंद पडली. तबला एकटाच पुढे चालला, हार्मोनियमवाला मान वर करून बघायला लागला.

"बासऱ्या कुठे गेल्या?" सरांनी विचारलं.

"सर, ही वाजवतच नाही!"

"सर, हा वाजवतच नाही!"

आम्ही दोघं एकदमच बोललो. ती गर्रकन माझ्याकडे वळली. "मी? मी मुद्दाम थांबले होते. तू फुंकतोस की नाही ते बघायला!"

"मीपण त्याच्यासाठीच थांबलो!"

सगळा हॉल हसला. सर हसले नाहीत. त्यांनी आम्हाला एकेकट्यानं वाजवायला लावलं. तिचा आवाज स्वच्छ, माझ्यात हवेचा खरखरीतपणा. मग दोघांना एकत्र वाजवायला सांगितलं आणि मध्येच तिला हातानं थांबवलं. धून चालूच राहिली, पण एकदम बारीक झाली, उघडी पडल्यासारखी. पुन्हा खूण केली, तशी धून परत भरली.

"सूर जुळला की असंच होतं," सर म्हणाले. "दोन वेगळ्या ऐकू आल्या असत्या, तर मीच ओरडलो असतो."

त्यानंतर वाजवण्यात जी मजा आली ती आधी नव्हती. तरी तिरक्या नजरेनं तिच्याकडे बघायची सवय लगेच सुटली नाही. तिचीही नाही.

स्पर्धेत, त्याच संथ भागात, माझ्या फुंकरीखालचा आधार अचानक गेला. तिनं फुंकणं थांबवलं होतं. मी वळून बघितलं नाही. श्वास पुरवून पुरवून सूर लांबवला, थोडा जोरानं फुंकला. समेवर ती अलगद परत आली.

स्टेजवरून उतरल्यावर ती पाण्याची बाटली तोंडाला लावत म्हणाली, "खोकला आला होता."

"समजलं."

"कधी?"

"लगेच."

"नक्की?" तिनं डोळे बारीक केले.

आमचा नंबर आला नाही. परतीच्या गाडीत तबलेवाल्यानं पुढच्या सीटच्या पाठीवर ठेका धरला. तिनं पिशवीतून बासरी काढली, मीही काढली. तिच्या चौलच्या अलीकडचा रेवदंड्याचा पूल येईपर्यंत आम्ही वाजवत होतो.