शिस्तीचा रकाना

आमच्या दादानं आयुष्यात कुठलीही वस्तू तीन कोटेशनं मागवल्याशिवाय घेतली नाही. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात तो खरेदी खात्यात होता, आणि ते खातं रोज संध्याकाळी त्याच्या स्कूटरवर मागे बसून कारेलीबागेत आमच्या घरी यायचं. मिक्सर घ्यायचा तर तीन दुकानांची माहितीपत्रकं. उशा घ्यायच्या तर लहरीपुऱ्यातल्या तीन गादीवाल्यांकडे फेरी. मग फुलस्केप कागदावर पट्टीनं रेघा, प्रत्येक दुकानाला एक रकाना, प्रत्येक गुणाला मार्क. या कागदाला तो ‘कम्पॅरेटिव्ह’ म्हणायचा आणि तो पुरा झाल्याशिवाय घरात उशीसुद्धा शिरत नसे. लग्नाच्या वेळी त्यानं किती मुली पाहिल्या ते मी सांगणार नाही. वहिनी तिसऱ्या होत्या, एवढंच सांगतो.

नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. घरोघरी केबल आली होती, आणि सकाळी वर्तमानपत्र झटकलं की त्यातून रंगीत जाहिरातींचे कागद खाली पडायचे. त्यांत सगळ्यात रंगीत कागद पाण्याच्या बागांचे. निळंशार पाणी, पिवळ्या घसरगुंड्या, आणि रबरी टायरात बसून आ वासलेलं एक कुटुंब. आमच्या सोसायटीत त्यावरून दोन पक्ष पडले होते. एक पक्ष अहमदाबादच्या रस्त्यावरच्या जवळच्या बागेचा, दुसरा सुरतेच्याही पुढे मुंबईच्या वाटेवर असलेल्या लांबच्या बागेचा. जिथे रात्री राहायला कॉटेजं होती, ती ही लांबची. सोमवारी सकाळी जिन्यात दुधाच्या पिशव्या घेताना बायका एकमेकींना विचारत, “क्यां जई आव्यां?” म्हणजे कुठे जाऊन आलात, आणि उत्तरावरून समोरची आपली की परकी ते ठरे. आम्ही कुठेच गेलो नव्हतो. आमची तीन मुलं, दादाची दोन आणि माझा एक, सोसायटीत मान खाली घालून फिरायची.

अखेर दादानं एका रविवारी कम्पॅरेटिव्ह काढायला घेतलं. बागा दोन आणि नियम तीन कोटेशनांचा, म्हणून त्यानं तिसरा रकाना आखून त्यात आमची कमाटीबाग लिहिली.

“अरे दादा, कमाटीबागेत घसरगुंडी आहे, पण ती कोरडी आहे,” मी म्हणालो.

“मग शून्य मिळेल. पण रकाना लागतो.”

रकाने भरू लागले. अंतर: जवळची पुढे. घसरगुंड्या: लांबची पुढे. लाटांचा तलाव दोन्हीकडे. जेवण: जवळच्या बागेत गरम पुऱ्या आणि आमरस अशी ख्याती होती, लांबच्या बागेबद्दल शेजारच्या काकांनी फक्त हात हलवला होता. सावली: जवळ. झुकझुक गाडी: कमाटीबाग, आणि नुसती पुढे नव्हे, तिथे ती एकटीच होती. दुपारपर्यंत जवळची बाग आठ मार्कांनी वर होती आणि तिथेच जायचं हे जवळजवळ नक्की झालं होतं.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. वहिनी पोळ्या लाटत होत्या. ओट्यावर लांबच्या बागेची जाहिरात पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलेली दिसली.

“भाऊजी,” त्या पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाल्या, “ते खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाचा ना.”

मी वाचलं. कॉटेजच्या पाहुण्यांसाठी पोहण्याचा वेगळा तलाव, एका टोकाला दहा फूट खोल. आणि त्याखाली: नायलॉनचा पोशाख घातल्याशिवाय कोणालाही पाण्याच्या आवारात प्रवेश नाही. साडी, धोतर, पायजमा चालणार नाही. पोशाख आमच्याकडे मिळेल.

“हे तर वाईटच,” मी म्हणालो. “जवळच्या बागेत साडीवर चालतं. बायका काठावर पाय सोडून बसतात.”

“अठरा वर्षं काठावरच बसलेय मी,” वहिनी म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली.

मग एकेक पोळी भाजता भाजता त्यांनी मला ते सांगितलं. पेटलादजवळ त्यांच्या वडिलांची तंबाखूची शेती होती आणि शेतात विहीर. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून वडिलांनीच त्यांना पोहायला शिकवलं. लग्नाच्या आदल्या महिन्यापर्यंत त्या रोज पोहत. मग बडोद्याला आल्या, वर्षभरात आमची आई गेली, घर अंगावर पडलं, आणि पोहणं राहिलं ते राहिलंच.

“आपण होऊन मागितलं तर घरात काय म्हणतील? या वयात, असल्या कपड्यांत, अण्णांसारख्या सासऱ्यांच्या देखत? पण तिथे नियमच असला तर माझा काय इलाज?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे मला तोच नियम हवाय, भाऊजी. मला तिथे जायचंय.”

आता बघा, सगळी सोसायटी ज्या नियमापायी लांबच्या बागेला नाकं मुरडत होती, तो नियमच या बाईला हवा होता. मी पाण्याचा पेला तसाच ठेवून बाहेर आलो. खोटं बोलायची गरज नव्हती. नाटक मात्र लागणार होतं, आणि ते मला न मागता येतं.

“दादा,” मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, “तुझ्या कागदात एक मोठी चूक आहे.”

दादाचा हात थांबला. त्याच्या कागदात चूक आहे असं त्याच्या साहेबांनीही कधी म्हटलं नव्हतं.

“शिस्त कुठेय?”

“शिस्त?”

“जवळच्या बागेत माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरतात. धोतरं, साड्या, खिशात शेव-चिवडा. शेजारच्या काकांनाच विचार, लाटेबरोबर त्यांच्या तोंडात काय आलं. लांबच्या बागेत कडक नियम आहे. पोशाख नाही, तर पाणी नाही. साहेब असो नाहीतर शिपाई.”

दादाच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं त्याला मी भक्तिभावच म्हणेन. त्यानं पट्टी घेतली, कागदाच्या तळाशी एक नवीन रेघ मारली आणि लिहिलं: शिस्त आणि स्वच्छता. लांबच्या बागेला त्यानं दहापैकी दहा दिले. जवळच्या बागेला एक. तो एकही काकांचा मान राखण्यासाठी.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, पलंगावर आडवे होते. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि त्यांच्यानंतर घरात राहिल्या त्या फक्त मिशा. त्या अण्णांकडे आल्या होत्या. ते एकदम उठून बसले. “शिस्त असेल तिथेच चला,” म्हणाले. कसली शिस्त, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शनिवारी भाड्याची जीप केली आणि निघालो. ठेपल्यांचे दोन डबे, आंब्याचा छुंदा, मुलांच्या ओकाऱ्यांसाठी पिशव्या. लांबची बाग खरोखर लांब होती. संध्याकाळी कॉटेजमध्ये पोचलो, तेव्हा भात कच्चा आणि डाळ थंड आली, आणि शेजारच्या काकांचा हात नुसता का हलला होता ते कळलं. मुलांना त्याचं काही नव्हतं. ती खिडकीतून घसरगुंड्यांचे सांगाडे मोजत बसली होती.

सकाळी पाण्याच्या आवारापाशी गेलो. दारात साखळी, साखळीजवळ शिट्टीवाला पहारेकरी, त्याच्यामागे पोशाख वाटणारी खिडकी. पुरुषांना चॉकलेटी रंगाच्या अर्ध्या चड्ड्या, बायकांना त्याच रंगाचे सैल सदरे आणि गुडघ्यापर्यंतच्या तुमानी. दादानं चड्डी घातली, फलकावरचे सगळे नियम मोठ्यानं वाचले आणि प्रत्येकाला मान डोलावली. मुलं कधीच पाण्यात गेली होती. अण्णा धोतर-टोपीत साखळीबाहेरच्या बाकावर बसले. बाक नेमका बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीसमोर होता.

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. आमची ही त्या खोलीतून बाहेर आली, चॉकलेटी पोशाखात, हसू दाबत.

“वहिनी बाहेर येत नाहीयेत,” ती माझ्या कानात म्हणाली. “कपडे घालून तयार आहेत. दाराच्या फटीतून अण्णा दिसतात आणि त्या परत आत जाऊन बसतात. आता तर म्हणतायत, साडी नेसते आणि मुलांचे टॉवेल सांभाळते.”

नियम ज्यांनी मागून घेतला त्यांचीच पावलं नियमापाशी अडली होती. अण्णांना तिथून हलवायचं एवढंच आता उरलं होतं.

“अण्णा, चला, पलीकडे चहा मिळतोय.”

“झाला की चहा.”

“तिकडे मोर आहेत.”

“बडोद्यात काय कमी मोर आहेत? सूनबाई कुठाय? मघापासून दिसली नाही.”

दोन निमित्तं झाली होती, तिसरं मी काढलंच नाही. मी सगळं सांगून टाकलं. विहीर, तेलाचा डबा, अठरा वर्षं, आणि आत बसलेल्या वहिनी.

अण्णांनी मिशीवरून एकदा हात फिरवला. मग उठले आणि तरातरा खिडकीपाशी गेले.

“मारा मापनुं कंई छे?” त्यांनी आतल्या माणसाला विचारलं.

पाच मिनिटांनी आमचे वडील बाहेर आले ते पाहून मुलं पाण्यातल्या पाण्यात थिजली. वर टोपी, तिच्याखाली त्या मिशा, त्याखाली पांढरीशुभ्र छाती, आणि मग एकदम ती चॉकलेटी चड्डी. चड्डीखाली दोन पाय, ज्यांना सूर्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल. पहारेकऱ्यानं टोपी काढायला लावली तीही त्यांनी काढली. मग ते बायकांच्या दारासमोर, अदबीनं चार हात अंतरावर, पाठ करून उभे राहिले आणि ओरडले,

“सूनबाई! मी चड्डीवर बाहेर उभा आहे. लोक हसतायत. तू आलीस तर निदान दोघांत वाटून हसतील!”

 आत हसण्याचा असा स्फोट झाला की त्यात अनोळखी गुजराती बायकाही सामील असणार. कोणीतरी आतून म्हणालं, “जाओ बहेन, बापुजी बोलावे छे!” आणि दार उघडलं.

वहिनी आल्या. वेणी वर बांधलेली, दोन्ही हात छातीशी घट्ट, नजर जमिनीवर. अण्णा वळले नाहीत. पाठ तशीच ठेवून म्हणाले, “तलाव तिकडे आहे, पोरी. मी लाटांकडे जातो. माझं तुझ्याकडे लक्ष नाही.” आणि खरंच निघून गेले, मान ताठ, जणू पलटण घेऊन चाललेत.

खोल तलावाच्या काठावर वहिनी क्षणभर थांबल्या. उथळ टोकाला दादा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, रबरी टायर दोन्ही हातांनी धरून. त्याला पोहता येत नव्हतं. “शिडीनं उतर हां, सावकाश,” तो लांबून म्हणाला.

पण विहिरीत शिकलेली माणसं शिडीनं उतरत नाहीत. वहिनींनी लुगडं सावरावं तसं एकदा काहीतरी हवेतच सावरलं, आणि उडी मारली.

पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. “बहेन! कूदवानी मनाई छे!”

“अगं, मनाई आहे! तिसराच नियम आहे!” दादा ओरडला. पण ऐकायला वर कोणी नव्हतंच. पाणी मिटलं होतं. दादाचा चेहरा पांढरा पडला. तो टायरासकट दोन पावलं पुढे गेला, पाणी गळ्याला लागलं, आणि तेवढ्यात त्याच्यापासून हातभर अंतरावर वहिनींचं डोकं वर आलं. केस कपाळावर, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे आमच्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं.

“तुला येतं?” दादा म्हणाला. “कधी सांगितलं नाहीस ते?”

“बघायला आलात तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, वा, छान.”

आणि त्या वळून परत खोल पाण्याकडे गेल्या. मान वर, हात लांब, पाण्याचा आवाजसुद्धा न करता. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, परत, मग उताण्या पडून. मुलांनी घसरगुंड्या सोडल्या आणि काठावर रांगेत बसून आपल्या आईला आणि काकीला पाहू लागली. दादा टायरावर हनुवटी टेकवून तिथेच तरंगत राहिला. जेवायला हाक मारली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढे.” आमच्या घरी हे वाक्य त्या रोजच म्हणायच्या, पण त्या दिवशी त्यांच्या हातात वाढायचा डाव नव्हता. त्या नंतर आल्या, ओल्या केसांनी सगळ्यांच्या आधी पानावर बसल्या, आणि तो कालचाच कच्चा भात तीनदा मागून घेतला.

चारच्या सुमारास निघालो. भरूचच्या पुलावर, त्या काळी नेहमी व्हायचं तसं, ट्रकांची रांग लागली आणि जीप थांबली. संध्याकाळ होत आली होती. मागच्या बाकावर दादाच्या खांद्यावर मान टाकून वहिनी झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, मांडीवर कोणाचंही मूल नाही. त्या घरात सगळ्यांच्या नंतर निजायच्या आणि सगळ्यांच्या आधी उठायच्या. त्यामुळे त्यांना झोपलेलं आम्ही कोणीच कधी पाहिलं नव्हतं, मुलांनीही नाही. सगळेच वळून वळून बघत होते.

ड्रायव्हरनं पुढच्या ट्रकला हॉर्न द्यायला हात उचलला. अण्णांनी पुढच्या सीटवरून त्याचा हात धरला.

“धीरे, भाई,” ते म्हणाले. “आपणने कंई उतावळ नथी.”