ओळंब्याची काठी

माझ्या दादाला त्याच्या कामावरची माणसं ओळंबा म्हणत, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला सोडतात तो. रस्त्यावर पट्टे मारणारी त्यांची टोळी होती. दादा काही तिचा मुकादम नव्हता, पण दोरी मात्र त्याच्याच हातात असायची. पट्टा मारायच्या आधी खडूच्या भुकटीत घोळवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची, की डांबरावर पांढरी रेघ उमटते. मग त्या रेघेवरून रंगाची गाडी जाते. दादाची रेघ वाकडी गेलेली तीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. माणूसही तसाच. त्याला वाकडं बोलता यायचं नाही आणि कुणी वाकडं बोललं तर ते गिळताही यायचं नाही. अशा माणसाचं जगात जे होतं तेच त्याचं झालं. त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे सांगायला मीच बसलोय.

मी पार्सलची व्हॅन चालवतो. उशीर झाला की मोबाइलवरचा माझा ठिपका लाल होतो, आणि महिन्यात तीनदा लाल झाला की मालक केबिनमध्ये बोलावतो. घर एकच, खाली दादा आणि वर मी. अंगणात त्याची सायकल आणि माझी व्हॅन शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. आमची भांडणं व्हायची ती एवढ्यावरूनच.

"तुम्ही सायकलवाले मध्येच कडमडता," मी म्हणायचो. "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

"तुझा नि माझा बाप एकच होता," दादा म्हणायचा. "त्याचा असता तर तुलाही अर्धा मिळाला असता."

वहिनी हसायची आणि चहा पुढे करायची. तोपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं.

पुलावरून उतरलं की डावीकडे एक वळण लागतं. तिथे सायकलपट्टी आखायची असं ठरलं तेव्हा काम दादाच्याच टोळीकडे आलं. नकाशात पट्टी दीड मीटर रुंद होती. आखायच्या दिवशी इंजिनिअर साहेब आले, गाड्यांना जागा अपुरी पडतेय म्हणाले, आणि सत्तर सेंटीमीटरवर दोरी मारायला सांगितली.

"साहेब, सायकलचं हँडलच साठ आहे," दादा म्हणाला.

"मग उरले की दहा. हँडल सरळ धरायचं."

टोळी हसली. साहेब विनोद करतात तेव्हा हसणं हाही नोकरीचाच भाग असतो. दादा हसला नाही, पण दोरी त्यानंच मारली. ही गोष्ट त्याच्या मनातून कधीच गेली नाही. दुसऱ्या कुणी मारली असती तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या, असं तो म्हणायचा.

त्या पट्टीवरून दादा रोज कामावर जायचा. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी त्याला घासून जायचं. एकदा टँकरचा आरसा त्याच्या बाहीत अडकला, बाही खांद्यापासून उसवून आरशाबरोबर गेली आणि दादा फुटपाथवर जाऊन पडला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तो तसाच, एका बाहीच्या शर्टावर, तक्रारीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"लागलं का कुठे?" कारकुनानं विचारलं.

"नाही."

"सायकल मोडली?"

"नाही."

"मग तक्रार कसली?"

दादानं फॉर्म मागून घेतला. त्यात दोनच चौकोन होते, एक मृत आणि एक जखमी. वाचलेल्यानं कुठे खूण करायची असं त्यानं विचारलं. वाचलात तर घरी जा, देवाचे आभार माना, असं कारकून म्हणाला. वहिनीनं शर्टाला दुसऱ्या कापडाची बाही शिवून दिली.

एवढ्यानं दादा पेटला नसता. पण त्याच सुमारास माझ्या पुतणीला, म्हणजे त्याच्या मुलीला, पुलापलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम लागलं. पाळी सकाळी सातची, आणि त्या वेळेला बस नाही. दीड महिन्यानंतरच्या एक तारखेपासून तीही सायकलवर याच वळणावरून जाणार होती. दादाच्या हातात सहा आठवडे होते. तेवढ्यात त्या पट्टीच्या कडेला रबरी खांब लागले पाहिजेत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. साहेबांनी पुरावा मागितला.

मग दादानं काठी बांधली. कॅरिअरवर आडवी, उजव्या बाजूला बरोबर एक मीटर बाहेर आलेली. टोकाला स्पंज. फुटपाथचे दगड रंगवून झाले की डब्यांच्या तळाशी पिवळा रंग राहतो. तो टोळी फेकूनच द्यायची. तो रंग दादा खरवडून आणायचा आणि त्यात स्पंज बुडवायचा. स्पंजावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि वळण आलं की ती काढायची.

"सायकलपासून मीटरभर लांबून जायचं असा नियम आहे," तो म्हणाला. "जो लांबून जाईल त्याला काही होणार नाही. जवळून जाईल तो आपली सही घेऊन जाईल."

"शेपूट छान दिसतंय," मी म्हणालो. "आता फक्त झाडावर चढ."

मी त्याची अशीच थट्टा करायचो. तो वळण संपल्यावर उतरायचा, पिवळा डाग घेऊन गेलेल्या गाडीचा नंबर वहीत लिहायचा आणि पुढे निघायचा. त्याच्यावर कुणी हॉर्न वाजवला, कुणी आईवरून शिव्या दिल्या, पण थांबून काय लागलं म्हणून एकानंही विचारलं नाही.

आता यात त्यानं जी चूक केली ती पट्टे मारणाराच करू शकतो. रस्त्याच्या रंगावर काचेचे बारीक मणी टाकतात. वाळूएवढे बारीक असतात ते, आणि दिवा पडला की चमकतात. दादानं स्पंजाच्या रंगातही मूठभर मणी कालवले. साधा रंग दुकानातून आणला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी तेव्हा म्हणालोही, की अरे, डागच पाडायचेत ना, त्याला मणी कशाला हवेत?

"मणी नसलेला रंग म्हणजे चिखल," तो म्हणाला. त्याचा हातच तसा वळत नव्हता, दुसरं काय.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी आलो, रिकामे खोके काढायला व्हॅनच्या डाव्या बाजूला गेलो, आणि सरकत्या दारावर मला पिवळा पट्टा दिसला. वीतभर लांब आणि कोपराच्या उंचीवर. पहिल्यांदा मी चिडलोच, कुणी गाडी खराब केली म्हणून. मग कळलं. सकाळी ठिपका लाल होता, पुलाच्या उतारावर मालकाचा फोन आला होता, आणि डावीकडे काहीतरी होतं. काहीतरी म्हणजे सायकल. तिच्यावर कोण बसलंय ते मी पाहिलं नव्हतं. चुकून लागलं असं म्हणायची सोय नाही. मला ती सायकल सायकल म्हणून दिसलीच नव्हती, रस्त्यावरची अडचण म्हणून दिसली होती. आणि अडचणीच्या जवळून मी रोजच जातो.

जिन्याखाली दादाचं थिनर असायचं. त्याच्याच थिनरनं, त्याच्याच चिंधीनं मी तो पट्टा पुसला. तो घरी आला तेव्हा त्याच्या कोपराला खरचटलं होतं.

"पडलास?" मी विचारलं.

"तोल गेला," तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.

दोन दिवसांनी त्याला नोटीस आली. त्याच इंजिनिअर साहेबांच्या गाडीवर डाग पडला होता. तेही त्या वळणावरून हातभर अंतर न ठेवता गेले होते. ज्यानं पट्टी अरुंद केली तोच तिच्यावरून घासून जाणार, यात नवल काय? तळघरातल्या पार्किंगमध्ये मागून दिवा पडला, डाग चमकला आणि साहेबांच्या ड्रायव्हरनं ओळखलं की हा रंग खात्यातलाच. आणि सायकलला काठी बांधून फिरणारा खात्यात एकटा दादाच होता. आरोप दोन होते, सरकारी रंगाची चोरी आणि वाहनांचं विद्रूपीकरण. फेकून द्यायचा रंग दादानं उचलला तेव्हा तो एकदम सरकारी झाला होता.

चौकशीला त्याला मीच व्हॅनमधून नेलं. टेबलामागे तिघे बसले होते. मला नातेवाईक म्हणून दारापाशी खुर्ची दिली. दादानं वही ठेवली, तो बाही बदललेला शर्ट ठेवला, आणि सगळं क्रमानं सांगितलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मुख्य साहेब म्हातारे होते आणि तसे वाईट वाटले नाहीत. त्यांनी वही चाळली.

"एक्केचाळीस नंबर आहेत," ते म्हणाले. "पण लिहिलेत तुम्हीच. कुणी पाहिलंय? यातला एक तरी ड्रायव्हर येऊन म्हणेल का, की हो, मी इतक्या जवळून गेलो? एक आणा. मी आरोप मागे घेतो आणि खांबांचा कागद आजच पुढे सरकवतो."

मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. एका बुटाची नाडी सुटली होती. मी बोललो असतो तर माझ्या मालकाकडे कागद गेला असता आणि माझी व्हॅन गेली असती. वर माझीही दोन पोरं आहेत. हे सगळं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. तरी मी घाबरलो होतो, हेच त्याचं नाव.

"असं कुणी सांगत नाही, साहेब," दादा म्हणाला.

"ओळखीपाळखीचं कुणी?"

दादानं माझ्याकडे मान वळवली नाही. "नाही," म्हणाला.

त्याला नोकरीवरून काढलं नाही. उपकारच म्हणायचे. दोरी काढून घेतली आणि गोदामात प्लॅस्टिकचे शंकू धुवायला बसवलं. निकाल तिथेच, अर्ध्या तासात ऐकवला. खांबांचा विषय कुणी काढलाही नाही.

परत येताना तो माझ्या डाव्या हाताला बसला होता. पुलावर आल्यावर म्हणाला, "थिनरनं रंग जातो. मणी जात नाहीत."

मी गाडी हळू केली.

"तुझ्या दाराच्या रबरात बसलेत. मागून दिवा पडला की दिसतात."

"तुला कधी दिसले?"

"त्याच दिवशी. शेजारच्यांची स्कूटर आत आली तेव्हा."

"मग सांगायचं नाहीस का तिथे? मी समोरच बसलो होतो."

"तुझा नंबर मी लिहिलाच नाही," तो म्हणाला. "एक्केचाळीस लिहिले. बेचाळिसावा तूच सांगशील असं वाटलं होतं."

एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघायला लागला. वळण आलं. मी मुद्दाम उजवीकडून, लांबून गाडी घेतली. त्या वेळी पट्टीवर कुणीच नव्हतं.

एक तारखेला पुतणी निघाली. बापानं तिच्या सायकलला काठी बांधली होती. टोकाला रंग नव्हता, नुसती लाल चिंधी होती. दादा दारात उभा राहून ती वळेपर्यंत बघत होता, मग गोदामात जायला चालत निघाला. तो आता सायकलवर बसत नाही. मी व्हॅन काढली आणि पुतणीच्या मागे, तिच्याच वेगानं निघालो. रोज तसाच जातो. ठिपका लाल होतो तर होऊ दे. पहिल्या आठवड्यात ती चिडली.

"काका, मी काय लहान आहे?" म्हणाली. "मैत्रिणी हसतात मला. काका पोलिसांसारखे मागे येतात म्हणून."

"मला त्याच बाजूला काम असतं," मी म्हणालो. खोटं बोलायची सवय झाली की ती सगळीकडे उपयोगी पडते.

मागच्या बुधवारी वळणावर माझ्या मागे एका मोटारवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. शेवटी तो उजवीकडून पुढे आला, माझ्या नाकासमोरून डावीकडे घुसला आणि तिला घासून गेला. काठी कॅरिअरवरून निखळली. पुतणीनं पाय टेकला आणि दोन्ही ब्रेक घट्ट धरून तशीच उभी राहिली. रडली नाही. मागे वळून माझ्याकडे पाहिलं, जणू एवढा मागे मागे येतोय तर मला काहीतरी करता येत असेल. मला काही करता आलं नाही. मी मागे असून नसल्यासारखाच होतो.

तिला दवाखान्यात कामावर सोडून मी तक्रारीच्या खिडकीशी गेलो. कारकून तोच होता.

"लागलं का कुणाला?"

"नाही."

"मग तक्रार कसली? आणि कुणाविरुद्ध?"

त्या मोटारीचा नंबर माझ्याकडे होता. मी तो सांगितला नाही. "माझ्याविरुद्ध," मी म्हणालो. तारीख सांगितली, वेळ सांगितली, वळण सांगितलं. सायकलवर माझा सख्खा भाऊ होता, हेही सांगितलं.

त्यानं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. ड्रायव्हरनं स्वतःहून सांगण्यासाठी त्यात जागा नव्हती. मग त्याला दादाचं प्रकरण आठवलं असावं.

"ती चौकशी तर बंद झाली," तो म्हणाला. "तेव्हाच यायचं ना. तेव्हा का आला नाहीत?"

मी आलो होतो, असं मी त्याला सांगितलं. दारापाशीच खुर्चीवर बसलो होतो.