नातीची मेणाची पाटी

माझ्या हातून असा घोळ झाला आहे की आठवलं तरी कान तापतात. पण तुम्ही घरचेच, तेव्हा सांगतो. मी हळू बोलतो बरं का, तोवर चहा निवला तर बोल मला लावू नका!

माझी नात प्रज्ञा विद्यापीठात शिकते. काय शिकते? तर ग्रीक आणि रोमन लोकांचा जुना काळ. त्यांची घरं, त्यांचे देव, त्यांच्या शाळा! मी चौथीपर्यंत शिकलेला. गोंडपिपरीहून निघालो तर माझं जग बल्लारशाच्या फलाटावर संपतं. पण पोरगी सांगू लागली की मी ऐकत बसतो.

दिवाळीच्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "आबा, दोन हजार वर्षांमांगं तिकडची पोरं मेणाच्या पाटीवर लिहत होती. मले तशी पाटी करून द्या नं. तिच्यावर मार्क आहेत."

म्हातारा खूश! जुन्या सागाच्या पाटाच्या दोन फळ्या केल्या, मधे कोरून खोलगट केल्या, दोरीनं पुस्तकासारख्या बांधल्या. मोहोळाचं मेण घरात होतंच. ते वितळवून ओतलं.

पुढचे चार दिवस पोरगी खोलीचं दार लावून बसली. मी काही विचारलं नाही. शिकणाऱ्याला मधेच कशाला टोकायचं?

निघायच्या दिवशी ती मैत्रिणीकडे गेली होती. पाटी ओसरीत खाटेवर उघडी होती. जवळ जाऊन बघतो तर काय! मेणावर नुसते ओरखडे. आडवे, तिरपे, एकमेकांत गुंतलेले. आणि पाटीशेजारी आमची तांबडी कोंबडी उभी!

तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं?

कोंबडीला डाल्याखाली कोंडलं. पळी निखाऱ्यावर तापवली आणि तिची पाठ मेणावरून अलगद फिरवत गेलो. एक ओरखडा म्हणून ठेवला नाही!

प्रज्ञा आली. मी मोठ्या ऐटीत पाटी पुढे केली.

"आबा... याच्यावरचं कुठी गेलं?"

"कोंबडीनं ओरबाडलं होतं, बाई. मी साफ केलं."

"कोंबडीनं नाई, आबा! मी लिहलं होतं! त्या काळची पोरं जशी लिहत, तशी अक्षरं. चार दिवस लागले मले! परवा वर्गात दाखवायचं आहे."

तिचे डोळे भरून आले. मी पळी खाली ठेवली.

आतून आमची म्हातारी बाहेर आली. "काय जी तुम्ही! पोरीनं चार दिवस मान मोडली, अन् तुम्ही घटकाभरात पुसून मोकळे! जा, आता त्या कोंबडीची माफी मांगा!"

मागितली हो! डालं उचललं आणि खरंच मागितली.

पोरगी कोरी पाटी घेऊन गाडीत बसली. घरात दोन दिवस मला घास गोड लागला नाही. पोरीचं वर्ष माझ्यापायी गेलं तर?

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"आबा, जेवले का? मी गाडीत लिहलं सारं. गाडी हालत होती, तर अक्षर वाकडं आलं. सर म्हणाले, हे खरंच शाळेतल्या पोराचं वाटते!"

छातीवरची धोंड उतरली.

"अन् सरनं विचारलं, ती पोरं जुना धडा पुसत कसे असतील? मी तुमची गरम पळी सांगितली. सर तुमच्याशीच बोलतो म्हणतात. थांबा, सारा वर्ग ऐकून राह्यला."

मी फोन कानाशी घट्ट धरला. आणि सांगितलं, "पळी लाल करू नका, सर. हाताले सोसंल इतकीच तापवा. नाई तर मेण वाहून जाते."

"वा! बाबा, किती वर्षांचा अनुभव आहे आपला?"

"एकदाच केलं, सर. दुसऱ्यांदा घरच्यांनी पाटीले हात लावू देल्ला नाई."