राधाबाईची विमल आणि मंगळावरची माणसं

किस्से कोणी गोळा करत नसते. कापूस वेचताना लुगड्याला काडी-पत्ती चिकटते, आणि घरी येऊन झटकलं की कळते, अरे, एवढं जमलं होय! बुधवारच्या प्रार्थनेचं आमचं तसंच झालं.

तेलंगणात, वांकिडीजवळच्या आमच्या मराठी गावात माझ्या वांग्याच्या वाडीला लागून टिनाचं शेड होतं. तिथं योसेफ पास्टर दर बुधवारी येशूची प्रार्थना घेत. माणूस तेलुगू, मनानं गाय, आणि मराठी बोलायचे ते गरम भाकर हातावर झेलल्यासारखी. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मी काही ख्रिस्ती नाही. आधी सावलीसाठी बसायची, मग गप्पांसाठी. शेजारची राधाबाई मात्र मागणं घेऊन बसायची. नवरा वारलेला, एकुलती एक लेक विमल, आणि विमलच्या कुंडलीत मंगळ. आलेलं स्थळ उंबऱ्यावरूनच परतायचं.

*

पहिल्याच बुधवारी अण्णांनी दोन्ही हात पसरले. "बायांनो, मी तुम्हा सगळ्यांना परलोकात न्यायला आलो आहे."

त्यांच्या तेलुगूत परलोक म्हणजे देवाचं घर. आमच्यात तिथं माणूस तिरडीवर जाते.

राधाबाईनं हात जोडले. "न्या जी. पन एवढा कापूस निघू द्या. आन् विमलचं लग्न."

*

एकदा भीमपूरकडून पाव्हणे आले. घरात बाप्यामाणूस नाही, म्हणून राधाबाईनं अण्णांना मध्ये बसवलं. नवरदेवाच्या मामानं हळूच विचारलं, "पोरीले मंगळ-गिंगळ नाही ना?"

तेलुगूत मंगळ म्हणजे शुभ. अण्णांना वाटलं, पोरीचं कौतुक करायची हीच वेळ.

"आहे ना जी, भरपूर आहे. हिच्या आईला पण आहे. या घरात सगळा मंगळच मंगळ."

मामानं राधाबाईच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं आणि पोह्यांची बशी खाली ठेवली.

अण्णांना अर्थ समजावला तेव्हा ते रडायचेच बाकी होते. त्या दिवसापासून विमलच्या लग्नाचा घोर राधाबाईपेक्षा त्यांनाच जास्त.

*

मग किराणा दुकानातल्या टीव्हीवर सांगितलं की मंगळावर कधीकाळी जीव राहत असावेत. बुधवारी राधाबाई उभीच राहिली.

"अण्णा, तिथं मानसं असली तर त्यायचा देव कोन?"

"आपलाच. एकच देव. त्यानेच सगळं बनवलं."

"मंग येशू तिथं बी क्रुसावर गेला?"

अण्णांनी घाम पुसला. "एकदाच गेला. इथे. सगळ्यांसाठी."

"बरं. मंग तिकडं हे सांगाले कोन गेलं?"

अण्णा बायबलची पानं उलटू लागले.

"आमच्या गावात तुमीच आत्ता आले. तिथं तं बस बी जात नाही. त्यायले कोनी सांगतलंच नाही, म्हनून माह्या पोरीवर खार खाऊन राह्यले!"

*

पुढच्या बुधवारी अण्णा विचार करून आले. "तिथल्या लोकांनी पाप केलंच नसेल तर? मग येशूला जायची काय गरज?"

"पापच नाही?" मी म्हणाले. "मंग तिथं जावा-जावा एका घरात राहत नसतीन."

बाया हसल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांची बायको आणि भावजय एकाच चुलीवर होत्या.

*

आमचा शेजारी विठोबा, एका सकाळी त्याच्या तुरीत आभाळातून पांढरं प्लास्टिक उतरलं, मांडवाएवढं, आणि त्याला एक पेटी बांधलेली. कोणी हळदकुंकू वाहिलं, कोणी नारळ फोडला. अण्णाही गुडघ्यावर आले. राधाबाईनं पेटीला कान लावला.

"आतमधी कोनी असंल तं बाहेर ये बापा. पोरीचं बोलाचं हाय."

अण्णांना पेटीवरचा कागद दिसला. वाचून ते उठले, गुडघे झटकले. "हैदराबादचा फुगा आहे. वरची हवा तपासायला सोडतात. परत द्यायचा आहे."

"हैदराबादले गेलेला आपला कोनता कागद आजपावतो वापस आला?" राधाबाई म्हणाली. "आपन काऊन द्यावं?"

पेटी गेली. प्लास्टिक कितीतरी वर्षं आमच्या कडब्यावर होतं.

*

राजुऱ्याकडचं स्थळ आलं तेव्हा राधाबाईनं अण्णांना बजावलं, "बसा. पन तोंड उघडाचं नाही."

अण्णा बसले, ओठ घट्ट. नवरदेवाचा बाप जाडजूड मिशांचा. चहा झाला, गावं विचारून झाली, आणि त्यानं नेमकं अण्णांनाच विचारलं, "तुमी देवाची मानसं, खोटं बोलत नाही म्हनते. पोरीले मंगळ हाय काय जी?"

अण्णांनी राधाबाईकडं पाहिलं. राधाबाईनं जमिनीकडं. खोटं बोलवेना, खरं सांगवेना. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दाराआडून विमलच बाहेर आली आणि नवरदेवाच्या बापाला म्हणाली, "हाय मामाजी. पन अण्णा म्हनते, तिथं मानसं असली तं ते बी देवाचीच लेकरं. आता देवाची लेकरं माह्या पत्रिकेत येऊन बसली, तं त्यायले मी काय हाकलून देऊ?"

बापानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं पोराकडं, पोरानं चपलेकडं. मग बापानं मिशीवरून हात फिरवला.

"आमच्या पोराच्या पत्रिकेत बी तेच बसले हाय," तो म्हणाला. "म्हंजे पाव्हने एकाच गावचे निघाले."

राधाबाईनं गुळाचा खडा उचलला आणि आधी अण्णांच्या तोंडात घातला.

"हं. आता बोला."