ओर्सोलाचा गरुड

नोवे गावच्या ताटांच्या कारखान्यात ओर्सोला माझ्या शेजारी बसायची. तीस वर्षं तिनं चिनी मातीच्या ताटांवर गुलाब नि फुलपाखरं रंगवली, आणि रंगवताना तोंडाचा पट्टा चालूच. तिच्यापायी हसता हसता माझा कुंचला कितीदा भलतीकडे गेला असेल!

एका सोमवारी सिन्योर बोर्तोलो आले. रेशमात त्यांनी नुकताच बक्कळ पैसा केला होता.

"अठरा ताटं हवीत. प्रत्येकावर आमच्या घराण्याचं चिन्ह."

"कुठलं चिन्ह, सिन्योर?"

"तेच तर तू काढायचंस! गरुड काढ, मुकुटासकट. आमच्या फोस्काला विचेंझाच्या उमरावाचं स्थळ आलंय. पुढच्या महिन्यात मंडळी जेवायला येणार. नुसतं जेवत नाहीत ती, ताटंसुद्धा निरखून बघतात."

ओर्सोलानं जन्मात गरुड पाहिला नव्हता. परसात कोंबडा मात्र होता. तिनं त्याचीच छाती फुगवली, चोच वाकवली आणि तुरा झाकायला वर मुकुट बसवला.

"झाला की नाही गरुड?"

"पाय बघ त्याचे," मी म्हटलं. "आत्ता आरवेल."

"गप गं! भात वाढल्यावर पाय कोण बघतंय?"

सिन्योर बोर्तोलोंनी तरी गरुड कुठे पाहिला होता? ते खूश झाले.

जेवणाच्या दिवशी ताटं मांडायला आम्ही दोघी गेलो नि मग स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिलो. वाटाण्याचा भात वाढला गेला. मंडळी खाऊ लागली तसतसा आधी मुकुट उघडा पडला, मग चोच, शेवटी पाय. बोर्तोलोंच्या म्हाताऱ्या आईला, मेनेगाला, तोंड उघडायचं नाही अशी ताकीद होती. पण ती किंचाळलीच.

"अगं बाई, हा तर कोंबडा! बोर्तोलो, तुझ्या बापाचा रे! बास्सानोला अंडी विकायला जायचे, तेव्हा टोपलीवर हाच बसलेला असायचा!"

बोर्तोलो आधी लाल झाले, मग पांढरेफटक. ओर्सोलानं माझा दंड इतका आवळला की वळ उठले.

नवऱ्या मुलाच्या आईनं चष्मा लावून ताट जवळ घेतलं.

"आमच्या घराण्यात तीनशे वर्षं गरुड आहे," त्या म्हणाल्या. "मेल्याला बघून एकदाही कुणी हसलं नाही!"

आणि त्या अशा खदखदून हसल्या की तोंडातला वाटाणा उडून थेट बोर्तोलोंच्या केसांच्या टोपात. मेनेगानं मोठ्यानं बांग दिली. नवऱ्या मुलानं बांगेला बांग दिली. फोस्का हसता हसता टेबलाखाली गेली.

"रंगवला कुणी?" बाईंनी विचारलं. मी ओर्सोलाला पुढे ढकललं.

"मलाही बारा हवीत. आणि शेजारी कोंबडी काढ हो, एकटा कंटाळतोय बिचारा."

उन्हाळा सरेपर्यंत बास्सानोत ज्याच्या ताटात कोंबडा नाही त्याला कुणी मोठ्या घरचा मानेना. कारखान्यात सगळे कोंबडेच रंगवत होतो. कसा काढायचा ते विचारायला आमचे मालकसुद्धा ओर्सोलाकडे यायचे.

द्राक्षांच्या तोडणीनंतर फोस्काचं लग्न झालं. ओर्सोलाला पंगतीत मानाची खुर्ची होती. हजारो ताटं रंगवली, पण घरी जेवायची ती लाकडी वाडग्यात. समोरच्या ताटाला ती हातच लावेना.

"खराब होईल ना."

"वेडी की काय तू!" म्हणत मेनेगानं पळीभर रस्सा ओतला.

पुढे सारंग्या सुरू झाल्या तशा ओर्सोला नि मेनेगानं जोडे भिरकावले आणि दोघी अंगणभर गरागरा नाचल्या. विहीणबाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग पंखा टाकून त्याही घुसल्या.